कळफलकावरची वाट

आपल्याकडे शाळेत संगणकाची ओळख होते ती माउसपासून. मुलाच्या हातात माउस द्यायचा, पडद्यावरचा बाण दाखवायचा आणि सांगायचं, "हा बाण त्या चित्रावर ने आणि क्लिक कर." कळफलक नंतर येतो, तोही नाव टाइप करण्यापुरता. कंट्रोल-सी आणि कंट्रोल-व्ही ही जोडी एखादा चुणचुणीत मुलगा दुसऱ्याला गुपित सांगावं तशी सांगतो. त्यामुळे एक समज पक्का होतो की संगणक ही डोळ्यांनी पाहायची आणि माउसने चालवायची वस्तू आहे, आणि शॉर्टकट म्हणजे वेळ वाचवणारी वरची सोय.

इतिहास याच्या उलट साक्ष देतो. कळा दाबून लिहायचं यंत्र आधी आलं, माउस फार उशिरा आला. आणि त्या यंत्राच्या जन्माशी दृष्टी गेलेल्या माणसांचा संबंध अगदी जवळचा आहे. २०११ च्या जनगणनेत देशात दृष्टीसंबंधी अपंगत्व असलेल्या व्यक्तींची संख्या ५० लाखांहून अधिक नोंदली गेली. यातल्या जो कोणी संगणकावर बसतो, त्याच्यासाठी पडद्यावरचा बाण असून नसल्यासारखा आहे. शॉर्टकट ही त्याच्यासाठी आडवाट नाही, हमरस्ता आहे. हा रस्ता कसा बांधला गेला, मध्येच कसा बंद पडला, पुन्हा कसा सुरू झाला आणि आज आपण मराठी-उर्दू लिहिणारी माणसं त्यावर नकळत दगड कसे टाकतो, हे या लेखात मांडायचं आहे.

डोळ्यांशिवाय लिहिण्याचं यंत्र

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीत पेलेग्रिनो तुर्री नावाच्या गृहस्थाने काउंटेस कॅरोलिना फँतोनी या आपल्या मैत्रिणीसाठी लिहिण्याचं एक यंत्र बनवलं. तिची दृष्टी गेली होती. मनातलं पत्रात लिहायचं तर दुसऱ्याला सांगून लिहून घ्यावं लागणार, म्हणजे खासगी असं काही उरणारच नाही. यंत्रामुळे ती स्वतः लिहू लागली. ते यंत्र आज शिल्लक नाही, पण तिने त्यावर लिहिलेली १८०८ च्या सुमाराची काही पत्रं जपून ठेवलेली आहेत. या यंत्राला शाईची सोय म्हणून तुर्रीने कार्बन पेपरसारखा कागद वापरला होता. म्हणजे ज्या कार्बनवर आपल्या कचेऱ्यांनी पुढे पिढ्यान्‌पिढ्या नकला काढल्या, त्याच्याही मुळाशी एका दृष्टिहीन बाईची गरज होती.

पुढे डेन्मार्कचे पाद्री रास्मुस मालिंग-हान्सन यांनी अर्ध्या चेंडूच्या आकाराचं लेखनयंत्र तयार केलं. ते कोपनहेगनमध्ये मूकबधिरांची शाळा चालवत. मुलं बोटांनी किती भराभर खुणा करतात, हे ते रोज पाहत होते. त्यांचं यंत्र १८७० मध्ये लोकांसमोर आलं. तत्त्ववेत्ता नीत्शेची नजर अधू झाली तेव्हा १८८२ मध्ये त्याने हेच यंत्र घेतलं होतं.

अमेरिकेत रेमिंग्टन कंपनीचा टाइपरायटर १८७४ मध्ये बाजारात आला. त्यात अक्षरांचे ठोके कागदावर खालून बसत. लिहिलेलं दिसायला कागद वर सरकण्याची वाट पाहावी लागे. डोळस माणूसही त्यावर न पाहताच लिहीत होता. नंतर टायपिस्ट कळांकडे न बघता दहाही बोटांनी लिहू लागले. तालुक्याच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये ज्यांनी 'ए-एस-डी-एफ-जी-एफ' घोटलं आहे, त्यांना ही विद्या ठाऊक आहे. आजही कोणत्याही कळफलकावर 'एफ' आणि 'जे' या कळांवर आणि अंकांमधल्या पाचवर एक बारीक उंचवटा असतो. तो डोळ्यांसाठी नाही, बोटांसाठी आहे. बोट त्यावर टेकलं की पूर्ण कळफलकाचा नकाशा हाताखाली येतो.

सहा कळा, दोन लिप्या

लुई ब्रेलने सहा ठिपक्यांची लिपी १८२९ मध्ये प्रसिद्ध केली. त्या ठिपक्यांसाठी १८९२ मध्ये अमेरिकेत फ्रँक हॉल यांनी यंत्र काढलं. सहा ठिपक्यांना सहा कळा. एका अक्षरासाठी लागतील तेवढ्या कळा एकाच वेळी दाबायच्या. १९५१ मध्ये आलेला पर्किन्स ब्रेलर याच तत्त्वावर चालतो आणि आजही अंधशाळांमध्ये दिसतो. अनेक कळा एकत्र दाबून एक अर्थ काढायचा, हे ब्रेल लिहिणाऱ्या हातांना कंट्रोल आणि आल्ट यायच्या कितीतरी आधीपासून अंगवळणी पडलेलं होतं.

मुंबईत अंधांच्या शिक्षणाची सुरुवात विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर झाली. १९०० मध्ये अमेरिकन मिशनच्या मिस मिलार्ड यांची शाळा आणि १९०२ मध्ये ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा सुरू झाली. पण तेव्हा देशात ब्रेलच्या अनेक पद्धती होत्या. एका प्रांतातलं पुस्तक दुसऱ्या प्रांतातल्या मुलाला वाचता येत नसे. स्वातंत्र्यानंतर, १९५१ मध्ये, सगळ्या भारतीय भाषांसाठी एकच 'भारती ब्रेल' ठरलं. पुढच्याच वर्षी मुंबईत 'नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड' ही संस्था उभी राहिली.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून भारती ब्रेलमधली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. कागदावर मराठी डावीकडून उजवीकडे चालते आणि उर्दू उजवीकडून डावीकडे. दोन्ही लिप्यांच्या चेहऱ्यात काही साम्य नाही. पण ब्रेलमध्ये मराठीचा 'क' आणि उर्दूचा 'काफ' यांचे ठिपके एकच, पहिला आणि तिसरा. मराठीचा 'म' आणि उर्दूची 'मीम' हेही एकच. आणि ब्रेलमधली उर्दू डावीकडूनच उजवीकडे वाचली जाते. डोळ्यांना ज्या दोन भाषा परक्या दिसतात, त्या बोटाखाली सख्ख्या बहिणी असतात.

कानाने वाचणारे

स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावर काय आहे ते आवाजात सांगणारा प्रोग्रॅम. कानाने वाचायचं, ही कल्पना ऐकणाऱ्याला नवलाची वाटते. ती तशी नवी नाही.

आमच्या गावाच्या नावातच स्टेशन आहे. निजामाच्या काळात मनमाडहून सिकंदराबादकडे रेल्वे गेली, त्या मार्गावरचं हे लासूर. रेल्वे गेली तिथे तारायंत्रही गेलं. सॅम्युअल मोर्सच्या मूळ यंत्रात संदेश कागदाच्या पट्टीवर खुणांनी उमटत असे आणि तारमास्तराने तो पाहून वाचावा अशी अपेक्षा होती. पण थोड्याच वर्षांत तारमास्तरांच्या लक्षात आलं की पट्टीकडे बघायची गरजच नाही. यंत्राचा 'कडकट्ट' आवाज ऐकूनच संदेश कळतो आणि तोही लवकर. मग पट्टी मागे पडली आणि नुसता आवाज काढणारं यंत्र आलं. भारतात तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तोवर कानाने वाचणारी एक पूर्ण जमात आपल्या स्टेशनांवर आणि पोस्टांमध्ये नोकरी करून गेली. त्यांना कोणी अपंग म्हटलं नाही.

आमच्याकडे हाफिजांची परंपराही कानाची आहे. दृष्टी नसलेले हाफिज शतकानुशतकं होत आले आहेत. त्यांच्या पाठांतराची सगळे तारीफ करतात, पण त्यात आणखी एक कौशल्य असतं. ३० पारे, ११४ सूरे, त्यांच्या आत रुकू. अमुक पाऱ्यातला अमुक रुकू म्हटलं की हाफिज तिथून सुरू करतो, पहिल्यापासून म्हणत यावं लागत नाही. लांबलचक मजकुराला ठिकाणं ठरवून दिली, तर न पाहताही त्यात हवं तिथे जाता येतं.

बगदादचे जैनुद्दीन आमिदी हे तेराव्या-चौदाव्या शतकातले दृष्टिहीन विद्वान. ते पुस्तकांचा व्यापारही करत. त्यांची हकीकत सलाहुद्दीन सफदी (मृत्यू १३६३) यांनी दृष्टिहीन नामवंतांच्या चरित्रकोशात लिहून ठेवली आहे. पुस्तक विकत घेतलं की आमिदी कागदाची बारीक वळी करत, तिला अक्षराचा आकार देत आणि पुस्तकाला आतून चिकटवत. त्या अक्षरातून किंमत कळे. नंतर किंमत आठवेनाशी झाली की बोट फिरवायचं. ब्रेलच्या पाचशे वर्षं आधी एका माणसाने आपल्यापुरती खूण शोधली होती. खूण मजकुराला चिकटलेली असली पाहिजे, तरच ती सापडते. पुढच्या सगळ्या गोष्टीत हाच मुद्दा पुन्हा येणार आहे.

पडदा बोलू लागला

आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर ऑगस्ट १९८१ मध्ये आला. त्याच्या पडद्यावर चित्रं नसत, अक्षरं असत. २५ ओळी आणि एका ओळीत ८० अक्षरं. आज्ञा कळफलकावरूनच द्यायची. दृष्टिहीन माणसासाठी हा सोन्याचा काळ होता. पडद्यावरचं प्रत्येक अक्षर संगणकाच्या स्मृतीत अक्षर म्हणूनच ठेवलेलं असे. प्रोग्रॅमने ते उचलायचं आणि आवाजाच्या यंत्राकडे द्यायचं, एवढंच काम.

आयबीएममध्ये जिम थॅचर नावाचे गणितज्ञ होते. त्यांचे गुरू आणि सहकारी जेसी राइट दृष्टिहीन होते. थॅचर यांच्या कामातून १९८६ च्या सुमारास आयबीएमचा स्क्रीन रीडर आला. दुसरीकडे टेड हेंटर. हा मोटारसायकलच्या शर्यती करणारा इंजिनिअर. १९७८ मध्ये गाडीच्या अपघातात त्याची दृष्टी गेली. तो संगणक शिकला, १९८७ मध्ये भागीदारासह कंपनी काढली आणि १९८९ मध्ये 'जॉज' नावाचा स्क्रीन रीडर आणला. 'जॉब अ‍ॅक्सेस विथ स्पीच' या शब्दांची ती आद्याक्षरं आहेत. नावातच नोकरी आहे. त्या काळात दृष्टिहीन माणसाला कचेरीत संगणकावर काम करता येईल असं दिसू लागलं होतं.

आणि मग माउस आला. डग्लस एंगलबार्टने तो १९६८ मध्येच दाखवला होता, पण घराघरांत नेला तो १९८४ च्या मॅकिंटॉशने. त्या पहिल्या मॅकिंटॉशच्या कळफलकावर बाणाच्या कळाच नव्हत्या. लोकांनी जुन्या सवयी सोडून माउसच वापरावा म्हणून त्या मुद्दाम वगळल्या होत्या. पडद्यावर आता अक्षरांच्या जागी चित्रं आली. १९९० मध्ये विंडोज ३.० आल्यावर कचेऱ्याही तिकडे वळल्या. स्क्रीन रीडरला स्मृतीत अक्षरं सापडेनात, नुसते ठिपके सापडू लागले. जगाने ज्याला सोपं म्हटलं, त्याने काही लोकांच्या हातातली नोकरी धोक्यात आणली.

वाट पुन्हा कशी मोकळी झाली? त्यात दोन गोष्टींचा हात होता. पहिली गोष्ट एका कंटाळवाण्या नियमावलीची. १९८७ मध्ये आयबीएमने वेगवेगळ्या प्रोग्रॅममधल्या कळा सारख्या असाव्यात म्हणून नियम प्रसिद्ध केले. एफ-वन म्हणजे मदत, आल्ट-एफ-फोर म्हणजे खिडकी बंद, टॅब म्हणजे पुढचा रकाना, मेनूतल्या शब्दात अधोरेखित अक्षर आणि आल्टबरोबर ते दाबलं की ती आज्ञा. विंडोजने यातलं बरंच घेतलं. त्यामुळे माउसच्या राज्यातही कळफलकाचा रस्ता कागदोपत्री तरी शाबूत राहिला. कंट्रोलबरोबर एक्स, सी, व्ही ही जोडणी मात्र दुसऱ्या घराण्यातली. ती लॅरी टेस्लर यांच्या कामातून आणि अ‍ॅपलच्या लिसा या संगणकातून आली.

दुसरी गोष्ट स्क्रीन रीडर बनवणाऱ्यांच्या चिकाटीची. पडद्यावर काय चित्रित होतंय ते अडवून ऐकायचं आणि आपल्या बाजूला त्याची शब्दांतली प्रत तयार ठेवायची, अशी युक्ती त्यांनी काढली. १९९५ मध्ये 'जॉज' विंडोजवर आला. नंतर मायक्रोसॉफ्टनेही प्रोग्रॅमने 'हे बटण आहे, हा रकाना आहे' असं स्क्रीन रीडरला सांगण्याची व्यवस्था केली.

राहिला प्रश्न किमतीचा. हे प्रोग्रॅम इतके महाग होते की आपल्याकडच्या सामान्य घरातल्या मुलाने त्यांचं नुसतं नाव ऐकावं. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या दृष्टिहीन तरुणाने मोफत स्क्रीन रीडर लिहायला घेतला. त्याचा मित्र जेम्स टे, तोही दृष्टिहीन, त्याला येऊन मिळाला. दोघांची ओळख लहानपणी दृष्टिहीन मुलांच्या संगीत शिबिरात झाली होती. त्यांच्या प्रोग्रॅमचं नाव 'एनव्हीडीए'. त्याचा मूळ आराखडा सर्वांसाठी खुला आहे. त्याच्याबरोबर 'ई-स्पीक' हा मोफत आवाज मिळतो आणि त्यात मराठी आणि उर्दू दोन्ही भाषा आहेत. आवाज यंत्रासारखा कोरडा आहे, पण गरिबाच्या घरात पोहोचला तो हाच.

बोटांनी चालायचं कसं

माझा एक जुना विद्यार्थी लासूरच्या बाजारात एका दुकानाचे हिशेब एक्सेलमध्ये ठेवतो. दहावीनंतर त्याची नजर हळूहळू गेली. आज त्याच्या टेबलावर माउस नाही. त्याचं काम पाहिलं म्हणून या विषयातलं बरंच काही मला समजलं, ते इथे सांगतो.

कंट्रोल, आल्ट आणि एन एकत्र दाबलं की एनव्हीडीए सुरू होतो. त्याची मुख्य कळ इन्सर्ट. हवी तर कॅप्स लॉकलाही ते काम देता येतं. इन्सर्टबरोबर टी दाबलं की कोणती खिडकी उघडी आहे ते कळतं. इन्सर्ट आणि खालचा बाण दाबला की सलग वाचन सुरू. नुसता कंट्रोल दाबला की आवाज गप्प. आल्ट-टॅबने एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात. एक्सेलमध्ये बाणाने एक घर सरकलं की त्या घरातली रक्कम आणि 'बी सात' असा पत्ता ऐकू येतो. आल्ट आणि बरोबरचं चिन्ह दाबलं की बेरीज तयार. तो आवाज इतक्या वेगाने लावतो की मला त्यातलं अक्षर कळत नाही. त्याला सगळं कळतं.

इंटरनेटच्या पानावर खरी गंमत आहे. तिथे एकेका अक्षराच्या कळेला अर्थ येतो. एच दाबलं की पुढचं शीर्षक, शिफ्टबरोबर एच दाबलं की मागचं. के म्हणजे पुढची लिंक, टी म्हणजे तक्ता, बी म्हणजे बटण, एफ म्हणजे फॉर्मचा रकाना. एक ते सहा हे आकडे म्हणजे त्या त्या पातळीचं शीर्षक. इन्सर्ट-एफ-सेव्हनने पानावरच्या सगळ्या लिंकांची किंवा शीर्षकांची यादीच समोर येते. आपण डोळ्यांनी पान चाळतो आणि हवं तिथे थांबतो. तो एच दाबत दाबत तेच करतो. हाफिजाने रुकू पकडावा तसं.

एक अडचण शिकताना प्रत्येकाला येते. रकान्यात नाव लिहायचं असेल तर एच हे अक्षर उमटलं पाहिजे, पुढच्या शीर्षकावर उडी जाऊन चालणार नाही. म्हणून दोन अवस्था असतात, एक वाचायची आणि एक लिहायची. इन्सर्ट आणि स्पेसबारने एकीतून दुसरीत जाता येतं आणि बदल झाल्याचा वेगळा आवाज येतो. शिक्षक म्हणून मला सगळ्यांत आवडलेली कळजोडी म्हणजे इन्सर्ट-एक. ती दाबली की कुठलीही कळ दाबून पाहा, काही बिघडत नाही. ती कळ कोणती आणि तिचं काम काय, एवढंच आवाज सांगतो. पुन्हा इन्सर्ट-एक दाबलं की काम पूर्ववत सुरू. न घाबरता चुकू देणारा असा गुरू डोळस मुलांच्या वाट्यालाही क्वचितच येतो.

वाट कुठे तुटते

आता दगडांची गोष्ट. या सगळ्या कळा तेव्हाच चालतात, जेव्हा समोरच्या मजकुराला आमिदींच्या कागदासारखी खूण चिकटलेली असते. लिहिणाऱ्याने शीर्षकाला शीर्षक म्हणून नोंदवलेलं असेल, तरच एच दाबल्यावर ते सापडतं. नुसती अक्षरं मोठी आणि ठळक केली, तर डोळ्यांना ते शीर्षक दिसतं, स्क्रीन रीडरला ती साधी ओळ असते. बटणाला नाव दिलेलं नसेल तर 'बटण, बटण, बटण' एवढंच ऐकू येतं. 'चित्रातली अक्षरं ओळखून लिहा' अशी अट असलेला फॉर्म तर दारावरच अडवतो. माझ्या या विद्यार्थ्याने एका परीक्षेचा पूर्ण फॉर्म स्वतः भरला आणि शेवटच्या चित्राशी अडकला. शेवटी शेजारच्या पोराला बोलवावं लागलं आणि पासवर्डसकट सगळं त्याच्यापुढे उघडं झालं. तुर्रीच्या मैत्रिणीला दोनशे वर्षांपूर्वी जे नको होतं, नेमकं तेच.

आपल्या भाषांचा दगड आणखी मोठा आहे. युनिकोड १९९१ मध्ये आलं आणि त्यात देवनागरी पहिल्यापासून होती. पण आपल्या डीटीपीवाल्यांचा कारभार त्यानंतरही कितीतरी वर्षं जुन्या फॉन्टवर चालला आणि पुष्कळ ठिकाणी अजून चालतो. या फॉन्टमध्ये संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरंच असतात, फक्त त्यांच्या तोंडावर देवनागरीचा मुखवटा चढवलेला असतो. कृतिदेवमध्ये 'भारत' लिहिलं की डोळ्यांना भारत दिसतं. स्क्रीन रीडर मुखवटा पाहत नाही, आतलं वाचतो आणि म्हणतो, "एच, के, के, जे, आर." पूर्ण परिपत्रक असं ऐकावं लागलं तर काय होईल, याची कल्पना करा.

उर्दूची अवस्था याहून बरी नाही. नस्तालीक ही लिपी सुंदर, पण अक्षरं तिरपी उतरत जाणारी, यंत्राला अवघड. १९९४ मध्ये दिल्लीच्या कंपनीने काढलेल्या 'इनपेज'ने उर्दू छपाईचं काम हलकं केलं, हे मान्यच केलं पाहिजे. कातिबाच्या हातचं वळण त्यामुळे संगणकावर आलं. पण इनपेजमधला मजकूर इंटरनेटवर टाकताना बरेच जण त्याचं चित्र करून टाकत. चित्रातली उर्दू डोळ्यांना शेर वाटते, कानाला मात्र 'ग्राफिक' या एका शब्दापलीकडे काही मिळत नाही. ज्या भाषेची सारी शान मुशायऱ्यात, म्हणजे ऐकण्यात आहे, ती भाषा अशी मुकी व्हावी, याचं मला वाईट वाटतं.

आणि आता व्हॉट्सअ‍ॅप. शाळेची सूचना, ग्रामपंचायतीची नोटीस, बाजारभाव, शिष्यवृत्तीची मुदत हे सगळं फोटो काढून पाठवलं जातं. कागद स्कॅन करून केलेली पीडीएफ हीसुद्धा आतून चित्रच. स्क्रीन रीडर तिच्यापुढे हात टेकतो. फोटोतली अक्षरं ओळखणारे प्रोग्रॅम आहेत, पण फोटो तिरका असला, शिक्का अक्षरांवर बसला असला की त्यांचाही अंदाज चुकतो. शिष्यवृत्तीच्या तारखेच्या बाबतीत अंदाजावर चालत नाही.

हक्क आणि हात

कायद्याने आपली बाजू बरीच स्पष्ट केली आहे. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात बदल होऊन पुस्तकं दृष्टिहीनांना वापरता येतील अशा रूपात आणायला मुभा मिळाली. याच कारणासाठी झालेल्या माराकेश कराराला मान्यता देणारा भारत हा जगातला पहिला देश, वर्ष २०१४. 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय २०१६ मध्ये सुरू झालं. त्याच वर्षीच्या दिव्यांग हक्क कायद्याने माहिती आणि संगणक सेवा सर्वांना वापरता येतील अशा असाव्यात असं सांगितलं. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा संविधानाच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. अर्ज करणाऱ्यांमध्ये अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्ती होत्या, तसेच एक दृष्टिहीन नागरिकही होते. बँकेच्या ओळख पडताळणीत डोळे मिचकावून दाखवायची अट त्यांना पार करता येत नव्हती.

निकाल दिल्लीत लागतो, पण सूचना टाइप होते ती आपल्या शाळेच्या कचेरीत. म्हणून माझं म्हणणं न्यायालयाशी कमी आणि माझ्या पेशातल्या लोकांशी जास्त आहे. आपण शिक्षक सगळे एमएस-सीआयटीतून गेलेले आहोत. त्या अभ्यासावर चार गोष्टी सहज करता येतात. मराठी असो की उर्दू, युनिकोडमध्ये लिहावं. मजकूर पाठवायचा असेल तर मजकूरच पाठवावा, फोटो पाठवलाच तर खाली चार ओळी लिहाव्यात. चित्र टाकलं तर त्यात काय आहे ते एका वाक्यात नोंदवावं. आणि शीर्षकाला शीर्षक करावं.

या चौथ्या गोष्टीसाठी एक शॉर्टकट आहे. वर्डमध्ये शीर्षकाच्या ओळीवर जाऊन कंट्रोल, आल्ट आणि एक हा आकडा एकत्र दाबायचा. दुय्यम शीर्षकाला दोन, त्याच्या आतल्याला तीन. दोन सेकंदांचं काम आहे. लिहिणाऱ्याने ही जोडी दाबली की मजकुरात खूण बसते, आणि हीच फाइल उघडून कानाला हेडफोन लावलेला कोणीतरी एका कळेसरशी तिथे पोहोचतो. त्याला शेजारच्या पोराला हाक मारावी लागत नाही.

आपली फाइल अशी झाली की नाही हे तपासायलाही कोणी तज्ज्ञ लागत नाही. माउस बाजूला काढून ठेवा, पडदा बंद करा, एनव्हीडीए सुरू करा आणि आपणच लिहिलेल्या सूचनेत शेवटची तारीख शोधून पाहा.